देणगी नको, तिकिटं काढा

प्रति,
कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपलं मराठी मंडळ, दक्षिण कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार.

गेल्या सभेत माझ्या प्रस्तावाला एकूण चार मिनिटं मिळाली. त्यातली दीड मिनिटं समोसे आले म्हणून गेली. माझं मागणं साधं होतं: वर्षातून एकदा आपण चाळीस-पन्नास जणांनी मिळून, तिकीट काढून, डेफ वेस्ट थिएटर या इथल्या बहिऱ्या नटांच्या कंपनीच्या नाटकाला जावं. इतिवृत्तात ठराव उतरला तो असा: ‘मूकबधिरांच्या संस्थेस योग्य ती देणगी देण्याबाबत विचार व्हावा.’ आणि विषय गेला ‘समाजकार्य’ या सदरात. नाटकाच्या सदरात नाहीच.

मी घरी येऊन दोन दिवस गप्प बसले. मग म्हटलं, सभेत बोलता येत नसेल तर लिहावं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं. म्हणून हे खुलं पत्र.

तुमच्या मनात खोट नाही, हे मला माहीत आहे. मंडळाचा हात सढळ आहे. पण मुंबईहून नाटक येतं तेव्हा आपण त्यांना देणगी देतो का? तेव्हा तर पहिल्या पाच ओळींतल्या खुर्चीसाठी आपण एकमेकांशी भांडतो. मध्यंतरात ‘दुसरा अंक ढिला आहे’ म्हणून नाकं मुरडतो आणि तरी पुढच्या नाटकाला हजर असतो. मला डेफ वेस्टसाठी हेच हवं आहे, नाकं मुरडण्यासकट.

आधी तो ठरावातला शब्द बदला. ‘मूकबधिर’ यातला मूक कोण? माझा भाऊ बहिरा आहे आणि त्याच्याइतका बडबड्या माणूस आमच्या खानदानात झाला नाही. सरकारी कागदावर तो ‘कर्णबधिर’ आहे, स्वतः मात्र ‘बहिरा’ असंच लिहून दाखवतो. इथले लोकही स्वतःला सरळ ‘डेफ’ म्हणतात, कंपनीच्या नावातच ते आहे. आपण उगाच शब्दाला मलम लावत बसतो.

भावाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण प्रस्तावाचं मूळ तिथंच आहे. आम्ही साताऱ्याचे. त्याच्या शाळेसाठी वडिलांनी पुण्याला बदली मागून घेतली. शाळेत त्याला ‘बोलायला’ शिकवत. समोर आरसा, एक हात बाईंच्या गळ्यावर, एक स्वतःच्या. घसा थरथरला की ‘ब’, नुसती फुंकर आली की ‘प’. ओठांवरून ओळखायचं म्हणाल तर आज आरशापुढं उभं राहून आवाज न काढता ‘पाट’, ‘बाट’, ‘माठ’ म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतील. वर्गात खुणा केल्या तर बोटांवर पट्टी. मधल्या सुट्टीत मात्र मैदानाच्या टोकाला चिंचेखाली पोरांचे हात अखंड चालत. ती भाषा त्याला एकाही शिक्षकानं शिकवली नाही, वरच्या वर्गातल्या पोरांनी शिकवली.

शाळेचं नाव लिहीत नाही. दोष त्या एका शाळेचा नव्हताच. 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथं ठराव झाला की शिकवायचं ते बोलूनच, खुणा वर्गाबाहेर. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. मिलानचा तो ठराव पुण्यातल्या एका पोराच्या बोटांवर पट्टी होऊन पडायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली, पण पोचला.

घरात नाटकाचं वेड. बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उघडलं आणि आमची महिन्याची दोन नाटकं ठरून गेली. मी पुढं कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींत रात्री जागवल्या. भावाला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तो प्रत्येक नाटकाला आमच्याबरोबर. एका फार्सला सगळं थिएटर हसून लोळत होतं. तो माझ्या दंडाला बोट लावून विचारी, काय? मी हातानंच सांगे, नंतर सांगते. पुन्हा हशा, पुन्हा बोट, पुन्हा नंतर. घरी येईपर्यंत मी निम्मं विसरलेली असे. कुणाचं धोतर सुटलं, कोण पलंगाखाली लपलं, हे सांगता येई. शब्दावरची कोटी कशी सांगायची? आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरली गेलेली खूण कुठली असेल तर ती ‘नंतर’. जेवणाच्या पाटावर, लग्नात, क्रिकेटच्या कॉमेंट्रीला, सगळीकडं नंतर. पाचसहा वर्षांनी त्यानं दंडाला बोट लावणंच सोडून दिलं. नाटकाला यायचा, छताकडं आणि लोकांच्या चेहऱ्यांकडं बघत बसायचा. आम्ही म्हणायचो, किती शहाणा झालाय.

मी इथं आले 1986 साली. डेफ वेस्टचं नाव कानावर होतं, पण पाऊल वळलं नाही. मलाही ते ‘समाजकार्य’च वाटायचं. 2001 मध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडं जादा तिकीट होतं म्हणून गेले. नॉर्थ हॉलीवूडला लँकरशिम बुलेव्हार्डवर त्यांचं छोटंसं थिएटर होतं, 99 खुर्च्यांचं. आपल्याकडच्या प्रायोगिकवाल्यांना ओळखीचं वाटेल असं, पाय पुढच्याच्या खुर्चीला लागणारं. नाटक होतं ‘बिग रिव्हर’, म्हणजे मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनवरचं संगीत नाटक. हो, संगीत नाटक. बहिऱ्यांचं.

हक झालेला नट बहिरा होता. तो हातांनी बोलायचा आणि रंगमंचावरच असलेला दुसरा नट त्याचा आवाज व्हायचा. पहिली पाच मिनिटं मी आवाजाकडं बघत होते. दहाव्या मिनिटाला लक्षात आलं की आवाज कुठून येतोय हे मी विसरूनच गेले आहे. हकचा दारुडा बाप तर दोन नटांनी मिळून केला होता, एक बहिरा आणि एक ऐकणारा. दोघं एकमेकांचं प्रतिबिंब असल्यासारखे एकाच वेळी झोकांड्या खात होते. एका माणसात मावणार नाही एवढा दुष्टपणा होता त्या बापाचा, आणि तो दोघांत वाटून दिल्यावर दुप्पट झाला. शेवटाकडं एक गाणं आहे. पहिल्या अंकातलंच, पुन्हा येतं. सगळी मंडळी गात असतात, वाद्यं वाजत असतात, आणि मध्येच आवाज बंद. गाणं थांबत नाही. वीसएक माणसांचे हात त्याच लयीत गात राहतात आणि थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आपल्याला गाणं ‘ऐकू येत’ राहतं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. मी मात्र पुण्यातल्या त्या फार्सच्या प्रयोगाला पोचले होते, भावाच्या खुर्चीत.

तेच नाटक पुढं डाउनटाउनच्या मार्क टेपर फोरमला गेलं आणि 2003 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला. 99 खुर्च्यांतून निघालेलं! छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं केलेल्या आपल्या लोकांना विचारा याचा अर्थ काय होतो ते.

कंपनीविषयी चार गोष्टी सांगते, कारण सभेत कुणीतरी विचारलं होतं, ‘हे लोक प्रोफेशनल आहेत ना?’ डेफ वेस्ट 1991 साली एड वॉटरस्ट्रीट या बहिऱ्या नटानं काढलं. तो त्याआधी नॅशनल थिएटर ऑफ द डेफ या कंपनीत होता. ती कंपनी 1967 ची, कनेटिकटची. देशभर बसनं फिरून प्रयोग करायची, आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखी, आणि 1977 साली तिला टोनी हा इथला नाटकांचा मोठा पुरस्कार मिळाला. एडची बायको लिंडा बोव्ह हीसुद्धा त्याच कंपनीतली. तिला तुम्ही ओळखता. ज्यांची मुलं ऐंशी-नव्वदच्या दशकात इथं वाढली त्यांच्या घरी ती रोज सकाळी यायची, ‘सेसमी स्ट्रीट’वरची लिंडा! आपल्या पोरांनी आयुष्यात पहिली खूण शिकली असेल तर तिच्याकडूनच.

आणि ट्रॉय कॉट्सर. 2022 चा ऑस्कर बघितला असेल तुम्ही, थपडीच्या प्रकरणामुळं तरी. त्याच रात्री ‘कोडा’ या सिनेमासाठी त्याला पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारा पहिला बहिरा पुरुष नट. (पहिली बहिरी नटी मार्ली मॅटलिन, 1987 साली. मध्ये पस्तीस वर्षं गेली.) त्याला बाहुली हातात दिली कोरियाच्या युन यो-जंग बाईंनी, आणि दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा बोलणार कशानं? त्यांनी ती परत आपल्या हातात घेतली आणि त्याचं भाषण होईपर्यंत शेजारी धरून उभ्या राहिल्या. त्या भाषणात त्यानं बहिऱ्यांच्या रंगमंचांचे आभार मानले, जिथं त्याला नट म्हणून घडायला मिळालं त्यांचे. ‘बिग रिव्हर’मधल्या त्या दारुड्या बापातला बहिरा अर्धा म्हणजे ब्रॉडवेवर हाच ट्रॉय कॉट्सर. ‘कोडा’त नायिकेचा भाऊ झालेला डॅनियल ड्युरंटही डेफ वेस्टच्या नाटकांतलाच. प्रोफेशनल आहेत का, याचं उत्तर मिळालं असावं.

दुसरा प्रश्न: ‘म्हणजे माइम ना?’ नाही हो. माइममध्ये भिंत दाखवायची तर हवेत भिंत चाचपतात. खुणांची भाषा ही भाषा आहे. तिला शब्द आहेत, व्याकरण आहे, शिव्या आहेत, कोट्या आहेत. अमेरिकन खुणांच्या भाषेत हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात, ‘कोण, कुठं, का’ विचारताना खाली येतात. म्हणजे आपल्याला जो ‘अभिनय’ वाटतो त्यातला बराचसा नुसता प्रश्नचिन्ह असतो. माणसाला हवेतल्या एका जागी एकदा ठेवलं की नंतर त्या जागेकडं बोट केलं तरी ‘तो’ होतो. आणि भाषा जगभर एक नाही. अमेरिकेची फ्रान्सच्या भाषेवरून आलेली, मुळाक्षरं एका हातानं. आपली भारतीय मुळाक्षरं दोन हातांनी, ब्रिटिशांसारखी. इंग्रजी दोन्हीकडं असलं तरी लंडनचा बहिरा आणि लॉस एंजेलिसचा बहिरा एकमेकांची भाषा समजत नाहीत. वऱ्हाडी आणि मालवणी परवडली.

त्यामुळं नाटक करायचं म्हणजे आधी भाषांतर करायचं. गाण्याची ओळ इंग्रजीतून खुणांत आणायची, ती तेवढ्याच मात्रांत बसवायची, शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे, आणि यमकाच्या जागी हाताचा आकार जुळला पाहिजे. त्यासाठी खास भाषेचे जाणकार तालमीला बसलेले असतात. संगीत नाटकात चालीवर शब्द बसवणाऱ्या आपल्या जुन्या नाटककारांना हे दुखणं लगेच समजलं असतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात एका हाताचे 24 आणि दोन्ही हातांचे 13 हस्त मोजून दिले. आम्ही ते नाचाकडं देऊन टाकले आणि नाटकात हात खिशात घालून संवाद म्हणत राहिलो. (हस्तमुद्रा म्हणजे खुणांची भाषा नव्हे, हेही लगेच सांगते, नाहीतर पुढच्या दिवाळीला कुणीतरी भरतनाट्यम् बसवून ‘डेफ थीम’ म्हणेल.)

मग ऐकू न येणारा नट गाण्यात बरोबर वेळी कसा येतो? शेजारच्याचा पाठीला होणारा पुसटसा स्पर्श, कुणाचा तरी वर आलेला श्वास, दिव्याचा बदल. प्रेक्षकाला यातलं काही दिसता कामा नये. दिसलं तर तो संकेत फसला.

2015 च्या उन्हाळ्यात भाऊ इथं आला होता. बेव्हर्ली हिल्सच्या वॉलिस थिएटरला त्यांचं ‘स्प्रिंग अवेकनिंग’ चालू होतं. तेच पुढं ब्रॉडवेला गेलं. काळ 1891, गाव जर्मनीतलं, वयात येणारी मुलं आणि त्यांना काहीही न सांगणारी मोठी माणसं. डेफ वेस्टनं त्यात काही मुलं बहिरी केली, आणि 1880 चं मिलान आपोआप नाटकात येऊन बसलं. वर्गातल्या प्रसंगात मास्तर बहिऱ्या पोराला तोंडानंच पाठ म्हणायला लावतो. पोराचा आवाज चिरकतो.

भाऊ खुर्चीत पुढं सरकला. त्यानं माझ्या दंडाला बोट लावलं, चाळीसएक वर्षांनी. मी सवयीनं ‘नंतर’ करायला हात उचलला, तर तो विचारत नव्हताच. तो मला सांगत होता. स्वतःच्या बोटांवर पट्टी मारून दाखवली, रंगमंचाकडं बोट केलं, मग स्वतःकडं. त्याला अमेरिकन खुणा येत नाहीत, इंग्रजी जेमतेम. निम्मे तपशील त्याला कळले नसणार. पण नाटक कळलं. मला भाषा येत होती आणि मी त्याच्या मागं मागं चालले होते.

(नाटकात तरुण मुलांमध्ये जे जे होतं ते सगळं दाखवतात. धाकट्या भावाला त्यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही याचंही मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

मध्यंतरात मी कॉफी घेऊन येईपर्यंत तो लॉबीत दोन अमेरिकन बहिऱ्यांशी बोलत उभा होता. कुठल्या भाषेत, विचारू नका. दहा मिनिटांत त्यांनी मधली एक तिसरीच भाषा तयार केली होती. त्यानं त्यांना महाबळेश्वर सांगितलं, आमच्या आईची खूण सांगितली (कपाळावर मोठ्ठं कुंकू), आणि नोकरीतल्या साहेबाची नक्कल करून दोघांना हसवलं. मी शेजारी उभी. मला काही कळत नव्हतं. मी त्याला विचारलं, काय म्हणतोयस? त्यानं माझ्याकडं न बघता हात हलवला. नंतर.

एवढं सांगितल्यावर समजेल की मी चेक का मागत नाही. चेक लिहिताना त्या लॉबीत उभं राहावं लागत नाही. मला तुम्ही त्या लॉबीत उभे हवे आहात. सुरुवातीच्या काळात डेफ वेस्टच्या नाटकांना ऐकणाऱ्या प्रेक्षकांना हेडफोन देत, म्हणजे खास सोय लागायची ती आपली. तासाभरासाठी हे उलटं होणं आपल्यातल्या प्रत्येकाला मानवेल असं नाही. आमच्या यजमानांना पहिल्यांदा मानवलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तेच गाडी काढून दारात उभे होते.

पैसा लागत नाही असं मी म्हणत नाही. फार लागतो. दोन माणसांनी मिळून एक पात्र, म्हणजे नटांचे पगार वाढले. तालमीच्या खोलीत दुभाषे हवेत, भाषेचे जाणकार हवेत, तालमीचे आठवडे जास्त. देणगीवर हे एखादं वर्ष चालतं. भरलेल्या खुर्च्यांवर मोठं थिएटर पुन्हा दार उघडतं. आणि देणाऱ्यांतही फरक असतो. आपल्या वाचनालयात ‘तोत्तोचान’च्या दोन प्रती आहेत, दोन्ही फाटेपर्यंत वाचलेल्या. तेत्सुको कुरोयानागी बाईंनी त्या पुस्तकाच्या मानधनातून एक संस्था काढली. कशासाठी? बहिऱ्या नटांना व्यावसायिक शिक्षण देण्यासाठी. त्यांना त्या पोरांना नट करायचं होतं, रंगमंच द्यायचा होता. शिवणयंत्रं वाटावीत असं त्यांच्या मनात आलं नाही.

सभेतले डॉक्टर म्हणाले, ‘आता शस्त्रक्रियेनं कानात बसवायची कॉक्लिअर इम्प्लांट आहेत, खुणांची गरज किती दिवस?’ डॉक्टर, तुम्ही याच. आजूबाजूच्या खुर्च्यांत इम्प्लांट असलेली आणि दोन्ही हातांनी गप्पा मारणारी माणसं दिसतील. चष्मा लागला म्हणून कुणी बोलणं सोडत नाही. दुसरे एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘भारतातल्यांसाठी काहीतरी करू, इथल्यांना सरकार आहे.’ भारतासाठी जरूर करा. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ऐकू न येणारे पावणेपाच लाखांच्या घरात मोजले गेले. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात कलम 29 सगळं कला-संस्कृतीवर आहे. कलावंतांना पाठबळ द्या, कला त्यांना पोचेल अशी करा, असं सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर घातलेलं कर्तव्य. कोलकात्यात ‘द अ‍ॅक्शन प्लेअर्स’ ही बहिऱ्या नटांची मंडळी 1973 सालची. तुम्ही सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात की नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला विचारा, वर्षात एक तरी प्रयोग दुभाष्यासह होतो का? पण इथं अर्ध्या तासाच्या अंतरावर जे चाललंय ते न बघता तिकडं सल्ला द्यायला आपल्याला तोंड कुठलं?

2024 च्या शरद ऋतूत मार्क टेपरला डेफ वेस्ट आणि सेंटर थिएटर ग्रुप यांचं ‘अमेरिकन इडियट’ झालं. दिग्दर्शक स्नेहल देसाई, सेंटर थिएटर ग्रुपचे कलात्मक संचालक. मी आपल्या गटात निरोप टाकला तर चर्चा झाली ती ‘देसाई म्हणजे आपले की गुजराती’ यावर, चांगले तेवीस निरोप. नाटकाला गेलो आम्ही तिघं. त्याआधी 2022 मध्ये मालिबूच्या गेटी व्हिलात, उघड्या आभाळाखाली, डेफ वेस्टनं ‘ईडिपस’ केलं होतं. ग्रीक शोकांतिका रोमन धाटणीच्या बंगल्यात, आणि सत्य ऐकायला तयार नसलेला राजा बहिऱ्या नटानं केलेला. आपली वार्षिक सहल त्याच महिन्यात होती. मी सुचवलं होतं. आपण वॉटर पार्कला गेलो.

आता आपल्या घरात बघू. आपल्या दिवाळीच्या नाटकाला, गणपतीतल्या एकांकिकांना बहिरा माणूस आला तर त्याच्यासाठी काय आहे? काही नाही. मंडळात अशी मुलं असलेली दोन कुटुंबं होती, येईनाशी झाली. आपण म्हटलं, बिझी असतील. मराठीतून थेट अमेरिकन खुणांत सांगणारा दुभाष्या मिळणं मुश्कील, हे मला मान्य आहे. पण संहितेचं इंग्रजी भाषांतर तीन आठवडे आधी दिलं तर दोन दुभाषे काम करू शकतात. दोन, कारण वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं, आलटून पालटून उभं राहावं लागतं. मी दर विचारून आले आहे, आकडा सभेत सांगेन. तो ऐकून कुणाला घेरी येणार नाही. निदान इंग्रजी अक्षरं वरच्या पडद्यावर सोडा. त्यानं आणखी दोन गटांची सोय होईल. एक, इथं जन्मलेली आपली पोरं, जी दुसऱ्या अंकात फोन काढून बसतात कारण त्यांना मराठी कोटी कळत नाही. आणि दोन, पहिल्या रांगेतले आपले ज्येष्ठ, जे श्रवणयंत्र खिशात ठेवून ‘आजकालचे नट पुटपुटतात’ म्हणतात. त्या रांगेत मीही आता आहे. डावा कान गेला आहे, उजवा वाटेवर आहे.

जायचं ठरलं तर दोन-चार गोष्टी. वेळेवर या, आपल्या वेळेवर नव्हे. नाटक डोळ्यांनी बघायचं असतं तिथं अंधारात ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत पुढून जाणारा माणूस म्हणजे आपल्याकडं प्रयोग रंगात असताना कुणी भोंगा वाजवावा तसं. लॉबीत बहिऱ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्याकडं बघून बोला, दुभाष्याकडं बघून ‘त्यांना सांगा’ म्हणू नका. दोन माणसं हातांनी बोलत असतील तर मधून सरळ चालत जा, वाकून, थांबून, माफी मागून त्यांचं बोलणं जास्त मोडतं. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. पहिल्यांदा लाजल्यासारखं होतं. नाटक आवडलं नाही तर हलवू नका, मला राग येणार नाही.

‘आभार’ची खूण मी कुणाला शिकवणार नाही. तिथं आयती मिळेल.

माझ्याकडं आत्तापर्यंत चौदा नावं आहेत. त्यातली नऊ तरुण मुलांची, जी आपल्या सभांना येत नाहीत. पुढचा प्रयोग जाहीर झाला की गट तिकिटांसाठी मला वीसच्या वर नावं लागतील. खजिनदारांनी कृपया यासाठी ‘समाजकार्य’मधून एक डॉलरही काढू नये. खर्च ‘नाट्य’ सदरात टाकावा, आणि ज्यानं त्यानं आपलं तिकीट आपल्या पैशानं काढावं. इतिवृत्तातला तो ठराव दुरुस्त करून पुढच्या सभेत मांडावा, समोसे येण्याआधी.

आपली,
एक जुनी सभासद

ता. क. पार्किंगचं विचारणाऱ्यांसाठी: प्रयोग पुन्हा टेपरला असला तर म्युझिक सेंटरच्या खालीच गाड्यांची सोय आहे, पण निघताना रांग लागते. मेट्रोच्या बी लाइननं सिव्हिक सेंटरला उतरलात तर वर चढून पाच मिनिटांत पोचता. शेवटच्या रांगा घेऊ नका, तिथून आवाज येतो पण हात नीट दिसत नाहीत. मी मधल्या खुर्च्या धरणार आहे. त्यातल्या दोन आमच्या, एक माझी आणि एक भावाची. तो ऑक्टोबरात येतोय.